अमेरिकन लोकांचा इतिहास, वसाहतकाळापासून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वाचकांचेच आहेत. काही परीक्षेच्या तयारीतून आले, काही न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाकडे सहा महिने जाऊन आलेल्या आजी-आजोबांचे आहेत, काही निव्वळ कुतूहलाचे. सोपे आधी आणि अवघड नंतर लावले आहेत. एकाच गोष्टीबद्दल दोनदा लिहिलेलं नाही, तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. "अमेरिकेचा इतिहास" आणि "अमेरिकन लोकांचा इतिहास" यात फरक तो काय?

शाळेत मराठ्यांचा इतिहास शिकलो तो छत्रपती, पेशवे, लढाया आणि तह असा. त्या काळी खेड्यातली कुणबीण काय खात होती, बलुतं किती मिळे, दुष्काळात कोण कुठे गेलं, हे त्यात फारसं नव्हतं. अमेरिकेचंही तसंच. वॉशिंग्टन, लिंकन, रूझवेल्ट असा राष्ट्राध्यक्षांच्या माळेचा इतिहास हा एक प्रकार. कापूस वेचणारी गुलाम बाई, गिरणीतली पोरगी, जमीन गमावलेला चेरोकी शेतकरी, बोटीतून उतरलेला इटालियन मजूर यांच्या बाजूने पाहणं हा दुसरा. १९६० नंतर तिथल्या विद्यापीठांत या दुसऱ्या प्रकाराने जोर धरला. या पानावर तोच अभिप्रेत आहे. पहिल्याची गरज संपत नाही, कारण कायदे कोणी आणि कधी केले हे माहीत नसेल तर त्या कायद्यांखाली जगलेली माणसं कळत नाहीत.

२. सुरुवात कुठून करायची? १४९२, १६०७ की १७७६?

१७७६ पासून केली तर दीडशे-पावणेदोनशे वर्षं हातातून जातात. १६०७ (व्हर्जिनियातलं जेम्सटाउन) ही इंग्रजांच्या पहिल्या टिकलेल्या वसाहतीची तारीख आहे. पण स्पॅनिशांनी फ्लोरिडात सेंट ऑगस्टिन १५६५ मध्येच वसवलं होतं आणि आजच्या न्यू मेक्सिकोतलं सांता फे १६१० च्या सुमाराचं आहे. मूलनिवासींचा इतिहास तर हजारो वर्षं मागे जातो.

माझा सल्ला: १६०० च्या आसपासचा नकाशा समोर ठेवा आणि तीन बाजूंनी आत या. पूर्वेकडून इंग्रज आणि डच, दक्षिणेकडून स्पॅनिश, उत्तरेकडून फ्रेंच. मधली जमीन रिकामी होती असं कोणी लिहिलं असेल, तर त्या पुस्तकाचं पुढचं पान जपून वाचा.

३. तेरा वसाहती म्हणजे सगळीकडे एकसारखेच इंग्रज ना?

नाही, आणि हा गैरसमज लवकर गेला तर पुढचं बरंच सोपं होतं.

जेम्सटाउनला १६०७ मध्ये उतरले ते शंभरेक पुरुष आणि पोरगे. नफ्यासाठी काढलेल्या कंपनीची ती माणसं. १६०९-१० च्या हिवाळ्यात इतकी उपासमार झाली की वसंतापर्यंत साठेक जणच उरले. पुढे तंबाखूने वसाहत तारली आणि तंबाखूने मजुरांची भूक वाढवली. याउलट प्लिमथला १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून आलेले १०२ प्रवासी बायकामुलांसह होते. त्यांतलेही जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले. १६३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्सकडे सुमारे २०,००० लोक आले ते कुटुंबंच्या कुटुंबं, धर्मासाठी. गाव, चर्च, शाळा असा त्यांचा संसार. व्हर्जिनियात मळे विखुरलेले आणि तरुण पुरुष जास्त.

मधल्या पट्ट्यात वेगळीच खिचडी. न्यू यॉर्क १६६४ पर्यंत डचांचं न्यू ॲमस्टरडॅम होतं. विल्यम पेनच्या पेनसिल्व्हेनियात क्वेकर हा ख्रिस्ती पंथ आला, पाठोपाठ जर्मन. जर्मन इतके आले की १७५१ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन चिडून लिहितो, हे लोक आपल्यात मिसळायचे सोडून आपल्यालाच जर्मन करून टाकतील. (परक्यांच्या लोंढ्याची तक्रार तिथे राष्ट्रापेक्षा जुनी आहे.) दक्षिण कॅरोलायनात तर १७०८ च्या सुमारास काळ्या लोकांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त झाली होती. तिथली भातशेती आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या श्रमावर उभी होती, आणि त्यांतल्या अनेकांना भात कसा पिकवायचा हे मालकांपेक्षा जास्त कळत होतं.

४. गुलामगिरी १६१९ पासूनच होती, असं वाचलं. मग "करारबंद नोकर" कोण?

ऑगस्ट १६१९ मध्ये व्हर्जिनियात वीसेक आफ्रिकी माणसं जहाजातून आणून विकली गेली, ही नोंद पक्की आहे. पण त्या दिवशी गुलामगिरीचा पुरा कायदा तयार नव्हता. मळ्यांवरचे बहुतेक मजूर इंग्लंडहून आलेले गोरे करारबंद नोकर होते. जहाजाच्या भाड्याच्या बदल्यात चार ते सात वर्षं राबायचं, मार खायचा, मुदत संपली की सुटायचं. मधल्या काळात मरण आलं नाही तर.

कायदा हळूहळू आवळत गेला आणि तो कसा आवळला हे कोर्टाच्या कागदांतून दिसतं. १६४० मध्ये व्हर्जिनियात तीन नोकर पळाले आणि पकडले गेले. दोघा गोऱ्यांची मुदत चार वर्षांनी वाढली. तिसरा जॉन पंच आफ्रिकी होता, त्याला जन्मभर राबायची शिक्षा झाली. गुन्हा तोच. त्याच काळात अँथनी जॉन्सन नावाचा आफ्रिकी माणूस सुटून जमीनदार झाला आणि त्याच्याकडेही नोकर होते, म्हणजे रेष अजून पक्की नव्हती. १६६२ मध्ये कायदा आला की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरेल. इंग्लंडात वंश बापावरून चाले, इथे मुद्दाम उलटं केलं, कारण मालकापासून गुलाम बाईला झालेलं मूल मालकाच्या मालमत्तेत जमा व्हावं. १६६७ मध्ये ठरलं की बाप्तिस्मा घेतल्याने सुटका होत नाही. १७०५ मध्ये हे सगळं एका मोठ्या कायद्यात बांधलं गेलं.

आणखी एक आकडा लोकांना चकित करतो. अटलांटिक ओलांडण्यासाठी सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी लोक जहाजांत कोंबले गेले. त्यांपैकी आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट आणले गेले ते चार लाखांच्या आत. बहुतेक ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर गेले. तरीही १८६० मध्ये अमेरिकेत जवळपास ४० लाख गुलाम होते. ही वाढ जन्मांतून झाली, आणि १६६२ चा तो कायदा म्हणूनच लक्षात ठेवायचा.

५. बोस्टनच्या समुद्रात फेकलेला चहा आपला आसामचा होता ना?

नव्हता. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४० च्या वर पेट्या फेकल्या, त्या सगळ्या चिनी चहाच्या. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा आला तो १८३९ मध्ये.

भारताचा संबंध आहे, पण दुसऱ्या दाराने. चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता आणि कंपनी तेव्हा कर्जात बुडाली होती. १७७० च्या बंगालच्या भीषण दुष्काळाच्या बातम्या वसाहतींपर्यंत पोहोचल्या होत्या. पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनने, कंपनीने आशियात काय केलं ते पाहा, असा दाखला देऊनच लोकांना सावध केलं होतं. जाता जाता: १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण आलेला कॉर्नवॉलिस तोच, जो पुढे गव्हर्नर जनरल होऊन भारतात आला आणि १७९२ मध्ये हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांसह श्रीरंगपट्टणला टिपूसमोर उभा होता.

६. "रेड इंडियन" म्हणायचं की नाही?

म्हणू नका. तिकडे हा शब्द आता अपमानकारक मानला जातो. मराठीत "मूलनिवासी" चालतं. त्याहून चांगलं म्हणजे जमातीचं नाव घेणं: चेरोकी, वाम्पानोआग, लकोटा, नवाहो. "मूलनिवासी असं करत" या वाक्याला "भारतीय लोक असं जेवतात" इतकाच अर्थ असतो. जुन्या कागदांत "इंडियन" हाच शब्द येईल, तो उद्धृत करताना तसाच ठेवा. मात्र १७ व्या आणि १८ व्या शतकातल्या व्हर्जिनिया-मेरीलँडच्या कागदांत "ईस्ट इंडियन" दिसला तर थांबा, तो बहुधा खरोखरच आपल्या बाजूचा माणूस असतो. जहाजातून नोकर किंवा गुलाम म्हणून गेलेला.

७. सामान्य माणसांनी काही लिहून ठेवलं नसेल, तर त्यांचा इतिहास येतो कुठून?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा लांब उत्तर.

राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत फिरले, कारण बखर लिहिणाऱ्याने मनातलं लिहिलेलं असतं आणि जमाखर्चाच्या कागदाला खोटं बोलायचं कारण नसतं. हे सूत्र तिथेही लागू पडतं. वसाहतकाळात माणूस मेला की त्याच्या घरातल्या चीजवस्तूंची कोर्टासाठी यादी होई: एक लोखंडी कढई, दोन पिसांच्या गाद्या, तीन खुर्च्या, एक बायबल, पुढे "एक निग्रो मुलगी, किंमत अमुक पौंड". अशा शेकडो याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की कोणत्या दशकात लोक जमिनीवर बसायचे सोडून खुर्चीवर बसू लागले, हेसुद्धा कळतं.

दुसरा नमुना, पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती. सप्टेंबर १७६९ मध्ये व्हर्जिनिया गॅझेटमध्ये एक मालक लिहितो की सँडी नावाचा गुलाम पळाला आहे, वय पस्तीसच्या आसपास, धंद्याने चांभार, काम डाव्या हाताने करतो, जाडंभरडं सुतारकामही येतं, घोडा बरा चालवतो, दारूचं व्यसन आहे. मालकाचं नाव थॉमस जेफरसन. सात वर्षांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात "सर्व माणसं समान आहेत" हे वाक्य लिहिणारा तोच. पण माझ्या मते इथे जेफरसनवर ताशेरे ओढत बसण्यापेक्षा सँडीकडे पाहावं. एक डावखुरा कारागीर, ज्याने निघून जायचं ठरवलं. त्याच्याबद्दलचा हा तपशील उरला, कारण त्याला पकडायचं होतं. ओळख पटावी म्हणून मालकाला खरं लिहावं लागलं.

तिसरा नमुना माझ्या विशेष आवडीचा. मेनमधल्या केनेबेक नदीकाठच्या हॅलोवेल गावात मार्था बॅलार्ड नावाची सुईण होती. जानेवारी १७८५ ते मे १८१२ अशी सत्तावीस वर्षं ती रोज दोन-चार ओळी लिहीत राहिली: आज पाऊस, नदी गोठली, अमुकच्या बायकोला मुलगा झाला, फी इतकी मिळाली, मुलींनी कापड विणलं. ८१६ बाळंतपणं तिने केली. जुन्या इतिहासकारांनी ही रोजनिशी चाळली आणि त्यांना ती क्षुल्लक वाटली. विसाव्या शतकाच्या शेवटी एका इतिहासकार बाईंनी तीच ओळ न् ओळ वाचली, तेव्हा दिसलं की गावात पुरुषांच्या वह्यांत न दिसणारं बायकांचं एक अख्खं अर्थकारण होतं. सूत, कोंबड्या, भाजीपाला, बाळंतपण, सगळ्याची उधारी-उसनवारी. रोजनिशीच्या नीरसपणातच तिची किंमत होती.

८. जनगणनेचे कागद कसे वापरायचे?

पहिली जनगणना १७९० ची. लोकसंख्या ३९ लाखांच्या वर, त्यांत सुमारे ७ लाख गुलाम. तेव्हापासून दर दहा वर्षांनी मोजणी होते, पण प्रत्येक वेळी रकाने बदलतात. त्यामुळे आधी रकाना वाचायचा, मग आकडा.

१८४० पर्यंत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकी घर म्हणजे वयोगटांचे आकडे. बायको कोण, मुलं किती, ते अंदाजाने. १८५० मध्ये पहिल्यांदा प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचं नाव आलं. "स्वतंत्र" या शब्दावर बोट ठेवा. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांची वेगळी यादी झाली, तीत मालकाचं नाव आणि खाली वय, लिंग, रंग. माणसाचं नाव नाही. मुक्त झालेल्या बहुतेकांचं नाव सरकारी मोजणीत पहिल्यांदा उमटतं ते १८७० मध्ये. आफ्रिकन-अमेरिकन घराण्यांचा शोध घेणारे या जागी येऊन अडकतात.

१८९० ची मोजणी जवळजवळ सगळी गेली. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये आग लागली, काही जळलं, काही पाण्याने भिजलं, आणि उरलेलं पुढे नष्ट करून टाकलं. नेमकं ते दशक स्थलांतराच्या लाटेचं, त्यामुळे हळहळ वाटते. शिवाय व्यक्तींची माहिती ७२ वर्षं गुप्त ठेवतात. १९५० चे कागद १ एप्रिल २०२२ ला खुले झाले, १९६० चे २०३२ मध्ये होतील.

"हिंदू" हा रकाना पाहून गोंधळलेल्यांनी प्रश्न १५ पाहावा.

९. तारखा जुळत नाहीत. एकाच घटनेची दोन वर्षं दिसतात. चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नाही. इंग्लंड आणि तिच्या वसाहती १७५२ पर्यंत जुनं पंचांग पाळत आणि नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून १६९२ च्या फेब्रुवारीतला सेलमचा चेटूक-खटल्यांचा कागद "१६९१/९२" असा लिहिलेला सापडतो. गुढीपाडव्याला वर्ष बदलणाऱ्या आपल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. १७५२ च्या सप्टेंबरात २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म जुन्या हिशोबाने ११ फेब्रुवारी १७३१, नव्याने २२ फेब्रुवारी १७३२. दोन्ही बरोबर.

१०. गुलाम म्हणून जगलेल्यांच्या मुलाखती आहेत म्हणे. त्यांवर किती विश्वास ठेवायचा?

१९३६ ते १९३८ मध्ये सरकारी लेखक-योजनेतून २,३०० हून जास्त मुलाखती घेतल्या गेल्या. आज त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. सांगणारे ऐंशी-नव्वदीचे, म्हणजे गुलामगिरी त्यांनी लहानपणी पाहिलेली. काळ महामंदीचा, पोटाला चिमटा, आणि समोर बहुतेक वेळा गोरा सरकारी माणूस.

चार्ल्स्टनच्या एका वृद्धेची मुलाखत दोनदा झाली. एका गोऱ्या बाईंनी घेतली तीत नाव सुझन हॅमलिन, मालक दयाळू. काळ्या मुलाखतकाराने घेतली तीत नाव सुझन हॅमिल्टन आणि चाबकाच्या फटक्यांचं सविस्तर वर्णन. बाई तीच. एक खरी आणि दुसरी खोटी असा निकाल देण्याची घाई करू नका. १९३७ मध्येही काळ्या म्हातारीला गोऱ्यांसमोर काय बोलायचं याचा हिशोब करावा लागत होता, हे दोन्ही मिळूनच कळतं.

११. यादवी युद्ध गुलामगिरीसाठी झालं की राज्यांच्या हक्कांसाठी?

फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या राज्यांनी तेव्हा स्वतः काय लिहिलं ते वाचा. मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच म्हटलं आहे की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. "राज्यांचे हक्क" ही मांडणी हरल्यानंतर जास्त फुलली.

पण उलट बाजूने सरळ रेष ओढली तर तीही चुकते. लिंकनने मार्च १८६१ च्या पहिल्या भाषणात सांगितलं होतं की जिथे गुलामगिरी आहे तिथे हात घालायचा माझा इरादा नाही. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी ही गुलामगिरी असलेली राज्यं उत्तरेकडेच राहिली, आणि १ जानेवारी १८६३ ची मुक्तीची घोषणा त्यांना लागू नव्हती. टेक्ससमध्ये गॅल्व्हस्टनला बातमी अधिकृतपणे पोहोचली १९ जून १८६५ ला, तो दिवस २०२१ पासून राष्ट्रीय सुट्टी आहे. देशभर कायद्याने शेवट झाला तो डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने.

मृतांचा आकडा कुठे ६,२०,००० तर कुठे ७,५०,००० दिसेल. पहिला जुना आणि लष्करी नोंदींवरचा. दुसरा २०११ मधला, १८५० ते १८८० च्या जनगणनांतून तरुण पुरुष किती कमी झाले ते मोजून काढलेला.

१२. स्त्रियांना मतदानाचा हक्क १९२० ला मिळाला. बरोबर?

परीक्षेत हेच लिहा. पण न्यू जर्सीत १७७६ च्या घटनेने पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या "सर्व रहिवाशांना" मत दिलं होतं, आणि अविवाहित आणि विधवा बायका खरोखर मत देत होत्या. १८०७ मध्ये हक्क काढून घेतला. (लग्न झालेलीची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची, म्हणून ती आपोआप बाहेर.) वायोमिंग प्रदेशाने १८६९ मध्येच दिला. आणि १९२० नंतरही दक्षिणेतल्या काळ्या स्त्रीला तो प्रत्यक्षात मिळाला १९६५ च्या मतदान-हक्क कायद्यानंतर. हक्क मिळण्याची एकच तारीख असते ती पाठ्यपुस्तकात.

१३. एलिस आयलंडवर अधिकाऱ्यांनी आमच्या शेजाऱ्यांच्या पणजोबांचं आडनाव बदललं, असं ते सांगतात. खरं का?

गोष्ट घरोघरी आहे, पण तिथली पद्धत तशी नव्हती. १८९२ ते १९५४ मध्ये १ कोटी २० लाखांहून जास्त स्थलांतरित न्यू यॉर्क बंदरातल्या त्या तपासणीच्या बेटावरून गेले. तिथले अधिकारी नव्याने नावं लिहीत नसत. युरोपातल्या बंदरावर जहाज कंपनीने बनवलेली प्रवाशांची यादी समोर ठेवून ते तपासत. आडनावं बहुतेक लोकांनी स्वतःच नंतर बदलली, कारखान्यात, शाळेत, नागरिकत्वाच्या अर्जावर. दोष सरकारी कारकुनाच्या माथी मारणं सगळ्याच देशांत सोयीचं असतं.

१४. विषय प्रचंड आहे. एकट्याने अभ्यास कसा सुरू करू?

एक गाव धरा. मी लोवेल धरलं होतं.

मॅसॅच्युसेट्समधल्या मेरिमॅक नदीच्या धबधब्यावर १८२० च्या दशकात उभं राहिलेलं गिरण्यांचं गाव. आपलं गिरणगाव डोळ्यांपुढे आणा, फक्त कामगार म्हणून आसपासच्या शेतकऱ्यांच्या अविवाहित मुली. घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, कंपनीच्या खानावळीत राहायचं. १८३४ मध्ये पगार कापायला निघाले तेव्हा या मुलींनी काम बंद केलं, १८३६ मध्ये पुन्हा. पुढे त्यांच्या जागी आयरिश आले, मग फ्रेंच-कॅनेडियन, ग्रीक. गिरण्या गेल्या आणि १९८० च्या दशकात कंबोडियाहून निर्वासित आले. एका गावात स्थलांतराचा सगळा इतिहास.

गिरण्यांतला कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला. आणि त्यातून निघणारं जाडंभरडं कापड पुन्हा दक्षिणेत गुलामांच्या अंगावर जाई. प्रश्न १० मधल्या मुलाखती वाचताना "लोवेलचे कपडे" असा शब्द भेटतो. तो पहिल्यांदा भेटला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

मूळ कागद घरबसल्या मिळतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह फुकट आहे, नॅशनल आर्काइव्ह्जचंही बरंच खुलं आहे. सतराव्या शतकातलं हस्ताक्षर मोडीइतकंच छळतं आणि मोडीसारखंच सरावाने येतं. जुन्या छपाईत एस हे अक्षर एफसारखं दिसतं, हे आधी कळलं असतं तर माझा एक आठवडा वाचला असता.

यूपीएससीच्या मुलांनी एवढ्यात शिरू नये. अमेरिकन क्रांती, संविधान, यादवी युद्ध ही तीन प्रकरणं नीट करा आणि प्रश्न ४ आणि ११ वाचा, पुरेसं आहे.

१५. १९२० च्या कागदात एका शीख माणसाचा वंश "हिंदू" लिहिलाय. हे काय?

१९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनेत भारतातून आलेला कोणीही "हिंदू" म्हणून लिहिला जाई. तो तिथे वंशाचा शब्द होता, धर्माचा नाही. कॅलिफोर्नियातल्या शेतांवरचे हे "हिंदू" बहुतेक पंजाबी शीख. त्यांतल्या कित्येकांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, कारण बायको भारतातून आणता येत नव्हती आणि गोऱ्या बाईशी लग्न कायद्याने होत नव्हतं.

१९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय हे "गोरे" नाहीत, म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत, असा निकाल दिला. १९४६ मध्ये वर्षाला १०० माणसांची फट उघडली आणि नागरिकत्वही खुलं झालं. दार उघडलं १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. गंमत अशी की १९७० च्या जनगणनेत भारतीयांना "गोरे" धरलं आणि १९८० मध्ये वेगळा रकाना आला. साठ वर्षांत माणूस तोच, वंश तीनदा बदलला. पंजाब्यांमध्ये एक मराठी नाव ठळक आहे: वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. ते शेतीशास्त्र शिकायला पश्चिम किनाऱ्यावर गेले, गदर चळवळीत पडले आणि शेवटी मेक्सिकोत नामांकित कृषितज्ज्ञ झाले.

१६. मराठीत वाचण्यासारखं काही आहे का? की सगळं इंग्रजीच?

आहे, आणि ते जुनंच जास्त चांगलं आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या आणि १८८९ मध्ये त्यांचं "युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त" मुंबईत छापलं गेलं. शीर्षकातला "लोकस्थिति" हा शब्द पाहा. बाई राष्ट्राध्यक्षांच्या मागे लागल्या नाहीत, घरं, शाळा, बायकांच्या संस्था, चालीरीती यांच्याबद्दल लिहीत राहिल्या. कौतुकाचा भर जास्त आहे, कारण आपल्या देशातल्या बायकांना काहीतरी दाखवायचं होतं. ते ध्यानात ठेवून वाचा.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये "गुलामगिरी" अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. ते पुस्तक अमेरिकेवर नाही, पण अमेरिकेकडे महाराष्ट्रातून कोणत्या नजरेने पाहिलं गेलं ते त्यात सापडतं. ही नजर पुढेही चालू राहिली. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती.

१७. अमेरिकेच्या इतिहासाने महाराष्ट्राचं काही घडलं-बिघडलं का?

कापसाने घडलं आणि बिघडलं. १८६१ मध्ये यादवी युद्धामुळे अमेरिकेच्या दक्षिणेतला कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव, सावकार उदार, मुंबईत प्रेमचंद रायचंद आणि शेअरचा उन्माद. एप्रिल १८६५ मध्ये तिकडे दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला आणि इकडे पेढ्या कोसळल्या. सावकारांनी हात आखडला, सारा मात्र वाढलेला. १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्याच्या कारणांच्या साखळीत हा कापूसही होता.

मिशनऱ्यांचा धागा वेगळा. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत आले, तिथून अमेरिकन मराठी मिशन. अहमदनगरची मिस फरार यांची मुलींची शाळा फुल्यांनी पाहिली होती. न्यू इंग्लंडच्या खेड्यातल्या माणसाला मराठी मुलखाची पहिली माहिती या मिशनऱ्यांच्या पत्रांतूनच मिळे.

१८. आम्ही न्यू यॉर्कजवळ असतो. मराठी माणसाची जुनी खूण पाहायला कुठे जावं?

पोकीप्सीच्या ग्रामीण दफनभूमीत. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा मिसेस थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवली गेली आणि ती कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत पुरली आहे.

तिथे गेलात तर शेजारच्या दगडांकडेही पाहा. कार्पेंटरबाई न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या साध्या गृहिणी. दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट पाहत असताना एका मिशनरी मासिकात त्यांना गोपाळराव जोशींचं पत्र दिसलं, आणि त्यांनी ओळखदेख नसताना हिंदुस्थानात पत्र टाकलं. पुढे आनंदीबाई त्यांना "मावशी" म्हणत. ती पत्रं मराठी चरित्रकारांनी जपली, म्हणून १८८० च्या दशकातल्या एका अमेरिकन घरात काय बोललं जाई ते आज वाचता येतं.